हजेरीची सही

परिशिष्टातल्या तक्त्यावरून शेवटची एकदा नजर फिरवावी म्हणून मुर्वानीने मसुद्याचं पान एकतीस उलटलं, आणि तिथे तिला स्वतःची सही दिसली. सही तिचीच होती. पहिलं अक्षर उंच, बाकीची सगळी एका सपाट रेघेत चेंगरलेली, आणि खाली बारीक आकड्यांत तारीख. सहीखाली तारीख घालायची सवय लॅबमधल्या माणसालाच असते. बाकीच्या अठरा सह्यांखाली तारीख नव्हती. सही चौदाव्या ओळीत होती आणि तिच्या शेजारी, कागदाच्या कडेला, नखाएवढा तेलाचा डाग होता. झेरॉक्समध्ये तो राखाडी उमटला होता. डाग पाहिला आणि तिला सगळं आठवलं. तीन आठवड्यांपूर्वीचा बुधवार, सभागृहाच्या दारातलं टेबल, त्यावर नाश्त्याच्या खोक्यांची चळत. सकाळी काही न खाता निघाल्यामुळे तिने खोकं हातात पडताच उघडलं होतं, केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भाताचा लेंपर उभ्याउभ्या सोलला होता, आणि त्याच बोटांनी पेन धरून हजेरीच्या कागदावर सही केली होती. कागदाच्या डोक्यावर तेव्हा 'उपस्थिती' एवढंच लिहिलेलं होतं. आता तिथे वेगळ्या टायपातली एक ओळ होती : 'खालील सदस्यांनी मसुद्याला एकमताने संमती दिली आहे.'

तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. राग आला असता तर बरं झालं असतं. आधी आली ती लाज. लॅबमध्ये एखाद्या बाटलीवरचं लेबल दुसऱ्याच बाटलीचं निघावं, तसं हे होतं. अशा वेळी पाण्याला दोष देता येत नाही. पाणी जे असतं तेच असतं. लेबल कोणी लावलं, आणि लावताना आपण कुठे बघत होतो, एवढंच विचारायचं उरतं. एकोणतीस वर्षांत तिने असं लेबल दोनदाच चुकलेलं पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा अख्खी तुकडी ओतून पुन्हा नमुने घ्यायला लावले होते. खिडकीबाहेर तांजुंगवेरू शहराचं बंदर नेहमीसारखं धुरकट होतं. खालच्या रस्त्यावर सोतो सूप विकणाऱ्याने हातगाडीच्या पत्र्यावर पळी वाजवली, दोनदा, थांबून एकदा. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. एक वाजता, दुपारच्या नमाजानंतर, समिती पुन्हा बसणार होती, प्रत्येक पानावर प्रत्येक सदस्याची छोटी सही होणार होती, आणि उद्या सकाळी मसुदा गव्हर्नरकडे जाणार होता.

मसुदा वेरू नदीचा होता. म्हणजे नदीच्या काठावरच्या अठ्ठावीस कारखान्यांनी आपलं सांडपाणी किती घाण सोडावं, याचा. जुना नियम एका ओळीचा होता आणि तो लिहिला गेला तेव्हा मुर्वानी नोकरीत नवी होती : सांडपाण्यातला सेंद्रिय भार कोणत्याही वेळी घेतलेल्या नमुन्यात लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. नव्या मसुद्यात शंभर हा आकडा तसाच ठेवला होता. त्याला कोणी हात लावला नव्हता, आणि वर्तमानपत्रांनी त्याचंच कौतुक केलं होतं. 'कोणत्याही वेळी' एवढं काढून तिथे 'महिन्याची सरासरी' घातलं होतं. बदल्यात कारखानदारांनी आपापल्या नळांवर आपोआप मोजणारे मीटर बसवायचं कबूल केलं होतं. तीन वर्षं चाललेल्या ओढाताणीचा हा शेवट होता आणि सगळे त्याला मधला मार्ग म्हणत होते. मुर्वानीने पहिला मसुदा हाती आला त्याच दिवशी समासात पेन्सिलने गणित मांडून पाहिलं होतं. महिन्याचे तास सातशेवीस. सातशेचौदा तास नव्वद, आणि सहा तास बाराशे. सरासरी नव्व्याण्णव पूर्णांक पंचवीस. नियमात बसते. सहा तास बाराशे म्हणजे काय, हे त्या खोलीत तिच्याशिवाय आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. मर्यादा बदलायची तर समितीचं एकमत हवं, आणि समितीत लॅबप्रमुख, म्हणजे मुर्वानी, हवी, हेही नियमातच होतं. एकमत नसेल तर जुनी ओळ जागेवर राहते. म्हणून चौदाव्या ओळीतली सही बाकीच्यांसारखी नव्हती. कारखानदारांना अठरा सह्या कुठूनही मिळाल्या असत्या.

आणि तरीही त्या बुधवारी ती गप्प बसली होती. हे तिला स्वतःपासून लपवता येईना. अध्यक्षांनी मसुदा वाचला, डोळे वर करून टेबलाभोवती फिरवले आणि विचारलं, संमत? सगळ्यांनी एका सुरात संमत म्हटलं, म्हणजे म्हटल्यासारखं काहीतरी झालं. कोणी खुर्ची मागे सरकवली, कोणी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं, आणि लाकडी हातोडी तीनदा टेबलावर पडली. मुर्वानीने तोंड उघडलं नव्हतं. तिने मान खाली घातली होती आणि केळीच्या पानाची चौकोनी घडी घालत होती. आपण नकार देतो आहोत अशी तिची त्या क्षणी पक्की समजूत होती. माणूस बोलत नाही म्हणजे त्याला पसंत नाही, हे काय सांगायला लागतं? तिच्या आईच्या घरात तरी कधी सांगावं लागलं नव्हतं.

ती नऊ वर्षांची असेल. केदुंगरेजो हे त्यांचं गाव नदीच्या वळणावर, शहराच्या वर दोन कोसांवर होतं. एका सकाळी काठावरून ओरडा झाला, मुंग्गुत, मुंग्गुत, आणि शाळा आपोआप सुटली. मुंग्गुत म्हणजे वरच्या अंगाच्या कारखान्याने घाण पाणी सोडलं की मासे झिंगून वर येतात ती वेळ. पाणी कॉफीच्या गाळासारखं झालं होतं आणि त्यावर मासे तोंडं वर करून आभाळ प्यायल्यासारखे हलत होते. माणसं बादल्या, मच्छरदाण्या, नेसूची सारोंगं घेऊन उतरली. जत्रा लागली. मुर्वानीने दोन्ही ओंजळींत धरलेला मासा तिला अजून आठवतो. त्याने धडपड केली नाही, याचंच तिला नवल वाटलं होतं. जिवंत होता, कल्ले उघडत होते, पण हातात तो ओल्या कापडासारखा पडून होता, आणि उकडलेल्या पेंढ्याचा, सडक्या अंड्याचा वास तिच्या तळव्यांना दोन दिवस येत राहिला. वडिलांनी टोपलीभर मासे आणले, हळद-मीठ लावून तळले, मिरचीचा सांबाल वाटायला बसले. असं फुकट जेवण वर्षातून दोनतीनदाच मिळायचं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिने आपलं ताट घेतलं आणि चटईवर पालथं घातलं. वडील म्हणाले, 'खात नाहीस?' आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. तीन दिवस तिने स्वतःपुरतं आणि मुर्वानीपुरतं सोयाबीनचं टेंपे वेगळं तळलं, आणि पुढच्या मुंग्गुताला वडील नदीवर गेले नाहीत. घरात त्यावर चकार शब्द निघाला नाही. निघायची गरजच पडली नाही. पुढे विद्यापीठात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आलेख पहिल्यांदा काढताना, सकाळी सहाला सहा मिलिग्रॅम, नऊला दोन, अकराला शून्य पूर्णांक चार, बाराला वर चढू लागलेला, तिला ते पालथं ताट आठवलं होतं, आणि आईला न मोजता कळलेलं आपण मोजून काढलं याचा एक कोरडा आनंद झाला होता. आज तिला पहिल्यांदाच वाटलं, आईची गोष्ट तिने अर्धीच लक्षात ठेवली होती. आईच्या गप्प बसण्याचा अर्थ लागत होता तो त्या घरात तिचा चेहरा वाचणारी माणसं होती म्हणून. सभागृहात चेहरा वाचायला कोणी येत नाही. तिथे हजेरी वाचतात.

दहाच्या सुमाराला धाकट्या भावाचा फोन आला. कुन्चोरो केदुंगरेजोच्याच कागद गिरणीत पाळीवरचा फोरमन होता. कामाच्या वेळेत तो कधी फोन करत नसे.

'म्बाक, खाल्लंस का काही?' म्बाक म्हणजे ताई. त्याचा सूर नेहमीपेक्षा गोड होता.

'खाल्लं. बोल.'

'आज आहे ना तुमचं ते? सह्यांचं?'

'तुला कोणी सांगितलं?'

'गेटवर नोटीस लागलीय. नियम बदलला नाही तर दोन नंबरचं मशीन बंद. साडेतीनशे माणसं आहेत त्या मशीनवर. निम्मी मला आदराने पाक म्हणतात, निम्मी पाठीमागे शिव्या देतात, पण चूल सगळ्यांच्या घरी आहे.'

'कुन्चोरो, धुलाईची टाकी महिन्यातून कितीदा रिकामी करता?'

'हे काय फोनवर विचारायचं असतं?'

'एकदम सोडता ना? सहा तासांत?'

'मग कशी सोडणार? हळू सोडायला शेजारी दुसरी टाकी लागते.'

'बांधा मग.'

'मी बांधू? मी फोरमन आहे म्बाक, मालक नाही.'

'तेच म्हणतेय मी. मालकाने बांधावी. टाकी बांधायची नाही म्हणून तुला फोन करायला लावलाय.'

'कोणी लावला नाही.' पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत राहिली. मग तो आवाज उतरवून, घाईघाईने म्हणाला, 'मॅनेजर शेजारी उभा आहे.' आणि लगेच मोठ्याने, 'हो, हो, तुला कळतंच की सगळं. शहाणी आहेस तू. मग ठेवू?'

'ठेव,' ती म्हणाली. 'आणि घरी पिण्याचं पाणी उकळून घे या आठवड्यात.'

'ते रोजच घेतो,' कुन्चोरो म्हणाला, आणि हे मात्र तो मॅनेजरसाठी बोलला नव्हता.

फोन ठेवल्यावर तिला हसू आलं. तिला तो लहानपणचा दिसला, बादली डोक्यावर घेऊन नदीतून येणारा, मासे सांडत. साडेतीनशे हा आकडा खोटा नव्हता. तिने आयुष्यभर आकड्यांवर भाकरी खाल्ली होती आणि तिला माहीत होतं, की खोटं बोलायला खरा आकडाच सगळ्यात सोयीचा पडतो. मशीन नियमामुळे बंद पडणार नव्हतं. एका टाकीच्या जागेपायी पडणार होतं, आणि ती जागा गिरणीच्या मागच्या आवारात रिकामी होती. तिथे मॅनेजर लोकांचं बॅडमिंटनचं कोर्ट होतं. तिने ते तपासणीच्या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पांढऱ्या रेघा दर वर्षी नव्याने मारलेल्या असायच्या.

पान एकतीस हातात घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली. पाक सुतिक्नो समितीचे अध्यक्ष होते आणि तिचे गुरूही. तिला पहिल्यांदा पुलावरून नमुना घ्यायला त्यांनी शिकवलं होतं. दोर मनगटाला दोनदा गुंडाळायचा, बाटली प्रवाहाच्या उलट तोंडाने सोडायची, पहिलं पाणी ओतून द्यायचं. त्या काळी एका कारखान्याचा चोरून काढलेला नळ त्यांनी गाळात कमरेइतकं उतरून शोधला होता आणि तिथेच उभं राहून पंचनामा लिहिला होता. आता त्यांचे केस कापसासारखे झाले होते आणि गुडघ्यांमुळे ते पुलाकडे जात नसत.

'बसा, बू मुर्वानी.' एकोणतीस वर्षं ते तिला बू म्हणत, बाई म्हणावं तसं, आणि तितकीच वर्षं ती त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसे. आज ती उभीच राहिली.

'पाक, हे बघा.'

त्यांनी पान लांब धरून पाहिलं. 'हं. आपल्या कारकुनाने, जुमादीने जोडलं असेल.'

'जुमादी सांगितल्याशिवाय कपात चहा ओतत नाहीत.'

ते किंचित हसले. मग हसू आवरून म्हणाले, 'तुम्ही त्या दिवशी काही बोलला नाहीत.'

'मी संमत म्हटलं नाही.'

'नाही तरी कुठे म्हटलंत? एकोणीस माणसं बसली होती. कोणी नाही म्हणालं नाही. आपल्याकडे त्यालाच एकमत म्हणतात. तुम्ही काय परवा आलात का इथे?'

ते खरं होतं. मग तिने समासातलं गणित काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

'सहा तास बाराशे,' त्यांनी न वाचताच म्हटलं. 'नव्व्याण्णव पंचवीस. मला हे दाखवू नका. दोर मी दिला होता तुमच्या हातात.'

'म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.'

'ठाऊक असूनच केलं.' त्यांनी पान टेबलावर पालथं ठेवलं. 'ऐका. ही मंडळी जाकार्तापर्यंत जाऊन आली होती. अख्खा नियमच उचलून टाकायची तयारी होती. मी तीन वर्षं त्यांच्याबरोबर जेवलो. त्यांच्या मुलांच्या लग्नांना गेलो. तेव्हा कुठे शंभर टिकला, वर मीटर मिळाले. तुम्हाला पूर्ण भिंत पाहिजे. मी म्हणतो, निम्मी तरी उभी राहू दे.'

'पाण्याला निम्मी भिंत चालत नाही, पाक.'

'हे बोलायला छान आहे.'

'छान म्हणून नाही बोलले. उंची कमी पडली की पाणी वरून जातं, एवढंच.'

ते खिडकीकडे वळले. त्यांच्या मानेवर उन्हाचे जुने काळे ठिपके होते, पुलावरच्या दिवसांचे. तिला वाटलं, या माणसाने काही विकलेलं नाही. त्याने फक्त हळूहळू, एकेका जेवणागणिक, समोरच्याची अडचण स्वतःची मानली. त्याला लाचखाऊ म्हणता आलं असतं तर आजची सकाळ किती सोपी झाली असती.

'माझं नाव काढा,' ती म्हणाली.

'काढता येत नाही. तुम्ही हजर होता, सही खरी आहे. आणि बू,' ते पहिल्यांदा तिच्याकडे वळून म्हणाले, 'डोंगरातल्या नोंदणी कार्यालयात एक जागा रिकामी आहे. मी नाही पाठवणार तुम्हाला. पण माझ्या निवृत्तीला चारच महिने उरलेत.'

जिन्यावरून उतरताना तिने ते वाक्य तोलून पाहिलं. त्यात धमकी नव्हती, काळजी होती, आणि तरी दोन्हीचं वजन अगदी सारखं भरत होतं. डोंगरातलं कार्यालय तिने पाहिलं होतं. कौलारू इमारत, मागे लवंगांची झाडं, आत कपाटभर फायली. तिथे नदी नव्हती. लॅबमध्ये परतल्यावर ती नमुन्यांच्या थंड पेटीपाशी जाऊन उभी राहिली. आत वीस अंशांवर पाच दिवस ठेवलेल्या बाटल्या अंधारात रांगेने होत्या, प्रत्येकीच्या मानेवर तिच्या अक्षरातलं लेबल. दार उघडं ठेवणं चुकीचं होतं, तिने कोणाला ठेवू दिलं नसतं. पण ती अर्धं मिनिट तशीच उभी राहिली आणि गार हवा तिच्या मनगटांवरून खाली जात राहिली. भीती वाटते आहे, असं तिने स्वतःशी नोंदवलं. कशाची? बदलीची थोडी. कुन्चोरोची थोडी. सगळ्यात जास्त, भर सभेत तो शब्द तोंडाने उच्चारण्याची. चौपन्न वर्षांत तिने तो कोणा वडीलधाऱ्याला तोंडावर म्हटला नव्हता. बघू, विचार करते, पुढच्या वेळी, इन्शाअल्ला, असे त्याचे दहा-बारा पर्याय तिला येत होते, सगळे सभ्य, सगळे सरासरी काढल्यासारखे. तिने दार लावलं. आतलं तापमान पुन्हा वीस होईपर्यंत काट्याकडे बघत थांबली, आणि मग साबणाने हात धुतले.

एक वाजता सभागृहाच्या दारात तेच टेबल होतं, तीच खोकी, आणि टेबलामागे पाक जुमादी, समितीची टिपणं ठेवणारे म्हातारे कारकून. कागद त्यांनी तिच्याकडे वळवून ठेवला.

'बू, सही.'

'आज नाही.'

जुमादींनी चष्म्यावरून पाहिलं. 'पेन चालत नाही का?'

'पेन चालतं. सही करत नाही आज.'

'सहीशिवाय खोकं देता येत नाही, बू.'

'तुम्ही खा माझं.'

'मला साखर आहे,' जुमादी गंभीरपणे म्हणाले. मागे मत्स्य विभागाचे साहेब खोळंबले होते. ते म्हणाले, 'अहो, चला, चला,' आणि ती आत गेली.

बसायला तिची नेहमीची जागा होती, खिडकीकडून चौथी. समोर पाक प्रियांबोदो, कारखानदार संघाचे प्रतिनिधी. बाटिकचा लांब बाह्यांचा शर्ट, मऊ आवाज, कोणाचं नाव कधी न विसरणारा माणूस. त्यांनी हात छातीशी नेऊन तिला नमस्कार केला, भावाच्या पाठदुखीची चौकशी केली. कुन्चोरोची पाठ दुखते हे तिला माहीत नव्हतं. मग सभा सुरू झाली. पाक सुतिक्नोंनी मसुद्याचं शेवटचं कलम वाचलं. प्रियांबोदो म्हणाले, हा दिवस दोन्ही काठांच्या मैत्रीचा आहे, आणि बू मुर्वानींचे विशेष आभार, कारण त्यांच्यासारखी काटेकोर बाई संमत झाली म्हणजे आम्हालाच शंका येते, आपलं काही चुकलं तर नाही ना. सगळे हसले. मुर्वानीही हसली असती. विनोद चांगला होता. तिच्या लक्षात आलं, की खोलीत सगळे एकाच वेळी हसत असताना हसू न येणं हेही शरीराला कष्टाचं काम आहे, गालांना ते कळतं.

'तर मग,' पाक सुतिक्नो म्हणाले. त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली, आणि तिच्याजवळून नेताना ती थोडी लवकर नेली. 'संमत?'

खुर्च्या सरकल्या. बाटल्यांची झाकणं फिरली. हातोडी उचलली गेली.

'नाही,' मुर्वानी म्हणाली.

शब्द तिला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला. तो टेबलावर पडला आणि कोणी उचलला नाही. हातोडी हवेत थांबली होती. मत्स्य विभागाचे साहेब आपल्या खोक्यात पाहू लागले, जणू तिथून कोणी बोललं असावं.

'बू मुर्वानींना काही सुचवायचं आहे,' प्रियांबोदो हलक्या आवाजात मदतीला आले. 'टिपणात नोंद घेऊ या. शिफारस म्हणून.'

'शिफारस नाही. मी असहमत आहे. परिशिष्टातली माझी सही हजेरीची आहे.'

'पण बू, आता उद्या गव्हर्नरसाहेब...'

'सहा तास, पाक. महिन्यातले सहा तास तुम्ही नव्वदाचे बाराशे केलेत तरी या कागदावर तुम्ही स्वच्छ. त्या सहा तासांत नदीतला मासा गुदमरतो. आणि सकाळी सोडलेलं तेच पाणी अकरा वाजता शहराच्या पाणीउपशाच्या विहिरीत असतं. मी ते प्यायले आहे. तुम्हीही प्यायला आहात.'

'आम्ही बाटलीचं पितो,' कोणीतरी पुटपुटलं, आणि कोणी हसलं नाही.

प्रियांबोदोंचा आवाज चढला नाही. फक्त त्यातला ओलावा गेला. 'आपल्या हाताखालच्या माणसांचा विचार करा. आपल्या घरातल्यांचा करा.'

'केला,' ती म्हणाली. 'माझ्या भावाच्या गिरणीमागे एका टाकीची जागा आहे. सध्या तिथे तुम्ही बॅडमिंटन खेळता.'

पाक सुतिक्नोंनी हातोडी खाली ठेवली, आवाज न करता, कापडावर.  जुमादींनी घसा खाकरला. ते टिपणं लिहीत होते आणि त्यांचं पेन एका जागी अडलं होतं.

'पाक, हे लिहू कुठे?' त्यांनी अध्यक्षांना विचारलं. 'नमुन्यात संमतीची यादी आहे. दुसरा रकानाच नाही. कधी लागला नाही.'

 प्रश्न खरोखरच अवघड होता. चाळीस वर्षांत त्या खोलीत तो कोणाला पडला नव्हता. पाक सुतिक्नो आपल्या हातांकडे बघत होते. मुर्वानीने हात पुढे केला, आणि जुमादींनी, का कोण जाणे, कागद तिच्याकडे सरकवला. तिने मसुद्याची जाड फाइल पट्टीसारखी कागदावर आडवी धरली आणि तिच्या कडेने, यादीच्या उजव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढली. फाइलची कड मध्ये किंचित वाकलेली होती, म्हणून मध्यावर रेघेला एक बारीक लाट आली. ती तिने तशीच राहू दिली. नव्या रकान्याच्या डोक्यावर 'असहमत' लिहिलं. खाली एक घातला, त्यापुढे पूर्ण नाव लिहिलं, सही केली, सहीखाली तारीख घातली, आणि तारखेपुढे वेळ : दुपारी एक वाजून अडतीस मिनिटं.

मग तिने पुढच्या ओळीवर दोन हा आकडा लिहिला आणि कागद फिरवून टेबलाच्या मध्यावर ठेवला, शिरोभाग अध्यक्षांकडे करून. पेन त्याच्या शेजारी ठेवलं. 'आता एकमत नाही, पाक,' ती म्हणाली. 'जुनी ओळ राहील. टिपण मोठ्याने वाचून होईपर्यंत मी बसते.'

पाक सुतिक्नोंनी कागदाकडे पाहिलं. प्रियांबोदोंनी खिशातला फोन बाहेर काढला, परत आत ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा उचलला जात होता, आणि पाण्याच्या खात्याचा एक अधिकारी, ज्याच्याशी ती कधी बोलली नव्हती, त्याने हात लांब करून तो कोपरा दोन बोटांनी दाबून धरला. त्याने सही केली नाही. हातही काढला नाही. दोनपुढची जागा कोरी होती, आणि ती कोरी आहे हे आता टेबलावरच्या प्रत्येकाला दिसत होतं.